घड्याळ आधी उलटं धरून बघा

घड्याळ कोणतं घेऊ असं विचारायला येणारे बहुतेक लोक मनातून घड्याळ ठरवूनच आलेले असतात. तबकडी आवडलेली असते, रंग पक्का झालेला असतो, फक्त कुणीतरी "घे" म्हणायचं बाकी असतं. दोन वर्षांनी तेच घड्याळ खणात सापडतं. सेल संपलेला, मुलामा उडालेला, चावी ओढली तर हातात येईल अशी, आणि घड्याळजी झाकणाकडे एक नजर टाकून म्हणतो, "हे उघडत बसण्यापेक्षा नवीनच घ्या."

गडबड क्रमात होते. लोक आधी तबकडी बघतात, मग नाव, मग किंमत, आणि वेळ उरला तर आतल्या मशीनचं विचारतात. खालचा क्रम याच्या बरोबर उलटा आहे. पाठीपासून सुरुवात करायची आणि तबकडीवर शेवटी यायचं. प्रत्येक टप्प्यावर काही घड्याळं आपोआप बाद होतात. उरतील त्यांतून खुशाल डोळ्यांना आवडेल ते घ्या.

त्याआधी एक गैरसमज बाजूला काढू. फेकून द्यायचं घड्याळ आणि स्वस्त घड्याळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅसिओचं एफ-९१डब्ल्यू हे प्लॅस्टिकचं, अगदी स्वस्त डिजिटल घड्याळ १९८९ पासून विकलं जातंय. मागे चार स्क्रू, आत सहज मिळणारा सीआर२०१६ सेल, आणि तो सेल सात वर्षं चालेल असं कंपनीच सांगते. उलट स्वॉचचं सिस्टेम५१ हे २०१३ साली आलेलं ऑटोमॅटिक घड्याळ पूर्ण सीलबंद असतं. बिघडलं तर घड्याळजी ते उघडून दुरुस्त करू शकत नाही. कल्पना हुशार आहे, पण मी ते टिकाऊच्या यादीत धरत नाही. वेळ बरोबर दाखवणं हाही निकष नाही. आतला क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो आणि अगदी फालतू घड्याळातही हे काम बऱ्यापैकी होतं. माझी कसोटी एकच आहे: हे घड्याळ पाच वर्षांनी कुणाला उघडता येईल का, आणि आतला भाग बदलता येईल का?

## तयारी: बघायला जाण्याआधी

१. मनगट मोजा. कागदाची पट्टी मनगटाभोवती गुंडाळून घेर घ्या. मग मनगटाच्या वरच्या सपाट भागाची रुंदी मिलिमीटरमध्ये मोजा. हा दुसरा आकडा लोक घेतच नाहीत, आणि खरा उपयोगी तोच आहे. घड्याळाचा व्यास ४० मिमी असला तरी पट्टा अडकवायच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतची लांबी ४५ असू शकते किंवा ५० सुद्धा. ही लांबी मनगटाच्या सपाट रुंदीपेक्षा जास्त झाली की टोकं बाहेर लोंबतात आणि घड्याळ दुसऱ्याकडून मागून आणल्यासारखं दिसतं.

२. वापर एका ओळीत लिहा. "रोज ऑफिसला, आठवड्यातून दोनदा पोहायला" किंवा "फक्त समारंभाला" असं काहीतरी. हे लिहिलं नाही तर समोरचा विक्रेता तुमच्यासाठी लिहील.

३. खिशात पाचपट किंवा दहापट दाखवणारं भिंग, मिमीची पट्टी आणि टॉर्च ठेवा. टॉर्च फोनचा चालेल.

४. ठरवलेल्या रकमेतला काही भाग सर्व्हिसिंगसाठी बाजूला ठेवा, विशेषतः चावीचं किंवा ऑटोमॅटिक घ्यायचं मनात असेल तर.

## टप्पा १: मशीन कोणत्या जातीचं हवं ते ठरवा

क्वार्ट्झ सेलवर चालतं आणि साधारण महिन्याला १५ सेकंद पुढेमागे होतं. ऑटोमॅटिक हाताच्या हालचालीवर स्प्रिंग गुंडाळतं. चावीच्या घड्याळाला रोज चावी द्यावी लागते. सोलर म्हणजे क्वार्ट्झच, फक्त आतला सेल उजेडावर चार्ज होतो.

इथे सगळ्यात जास्त फसगत "ऑटोमॅटिक म्हणजे वरच्या दर्जाचं" या समजुतीनं होते. सिकोचं एनएच३५ हे भरपूर वापरलं जाणारं ऑटोमॅटिक मशीन घ्या. त्याची कागदावरची मर्यादा दिवसाला उणे २० ते अधिक ४० सेकंद आहे. हातात आलेलं मशीन बहुधा याहून बरं चालतं, पण ४० सेकंद धरले तर महिन्याला वीस मिनिटं होतात. क्रोनोमीटर हे अचूकतेचं प्रमाणपत्र मिळवणाऱ्या महागड्या मशीनलाही दिवसाला उणे ४ ते अधिक ६ सेकंदांची मुभा असते. म्हणजे अगदी साधं क्वार्ट्झही अचूकतेत त्यांच्या पुढेच राहतं. शिवाय एनएच३५ पूर्ण चावी दिल्यावर सुमारे ४१ तास चालतं. शुक्रवारी रात्री आठला काढून ठेवलंत तर रविवारी दुपारी ते थांबलेलं असेल.

ऑटोमॅटिक वाईट असं मी म्हणत नाही. माझ्या हातात तेच असतं. पण आठवड्यातून एकदा घालणाऱ्यानं ते घेऊ नये. दर वेळी वेळ आणि तारीख लावून तो कंटाळतो, आणि घड्याळ खणात जातं.

तपासा: तुमचं उत्तर "रोज घालणार, मधूनमधून वेळ लावायला हरकत नाही, काही वर्षांनी सर्व्हिसिंग करीन" असं असेल तरच ऑटोमॅटिक. नाहीतर क्वार्ट्झ किंवा सोलर.

## टप्पा २: घड्याळ पालथं करा

आता पहिल्यांदा घड्याळ हातात घ्या, आणि तबकडी न बघता पालथं करा. पाठीवर तीन गोष्टी वाचायच्या.

पहिली, झाकण कसं बसवलंय. गोल झाकणाच्या कडेला खाचा असतील तर ते पेचाचं आहे. हत्यार लावून फिरवलं की निघतं आणि तितकंच घट्ट परत बसतं. चार-सहा छोटे स्क्रू असतील तर तेही उत्तम. दाबून बसवलेलं झाकण चालतं, फक्त कडेला ते उचकटायची खाच नीट दिसायला हवी. पाठीला जोडच नसेल, सगळी केस (म्हणजे घड्याळाचं बाहेरचं कवच) एकसंध असेल, तर विचारा की हे उघडतं कुठून. काही चांगली घड्याळं समोरून, काचेकडून उघडतात. पण विक्रेत्याला उत्तर देता आलं नाही तर घड्याळ परत ठेवा.

दुसरी, धातूबद्दल काय लिहिलंय. "स्टेनलेस स्टील बॅक" असं असेल तर त्याचा अर्थ शब्दशः घ्या: फक्त पाठ स्टीलची. बाकीची केस पितळेची किंवा जस्ताच्या मिश्रधातूची असते आणि वर चकाकी चढवलेली असते. सगळी केस स्टीलची असेल तर कंपनी तसं स्पष्ट लिहिते.

तिसरी, मशीन कुठलं आणि कोणतं. "जपान मूव्हमेंट" म्हणजे फक्त मशीन जपानी. केस, काच, जुळणी कुठली याबद्दल त्यात काहीच सांगितलेलं नसतं. "स्विस मेड" लिहायला मात्र नियम आहे. २०१७ पासून उत्पादनखर्चाचा किमान ६० टक्के भाग स्वित्झर्लंडमध्ये झालेला असावा लागतो, आणि मशीन केसमध्ये बसवणं व शेवटची तपासणीही तिथेच व्हावी लागते.

मशीनचा नंबर पाठीवर नसेल तर विचारा किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात शोधा. सिको एनएच३५, मियोटा ९०१५, सेलिटा एसडब्ल्यू२००, ईटीए २८२४ अशी नावं आली की निश्चिंत व्हा. ही मशीनं इतक्या घड्याळांत बसवलेली आहेत की सुटे भाग आणि हात बसलेला कारागीर दोन्ही मिळतात. क्वार्ट्झमध्ये मियोटा, रोंडा, ईटीए यांची मशीनं तशीच सर्रास चालतात. अशा क्वार्ट्झ मशीनचा एक मोठा फायदा असा की पूर्ण मशीनच बदलून टाकता येतं. काटे, तबकडी, केस तीच राहते आणि घड्याळ पुन्हा नव्यानं सुरू होतं.

सावधान: "२५ ज्वेल्स", "३५ ज्वेल्स" अशा आकड्यांवर भुलू नका. घासणाऱ्या जागी रत्नं बसवतात ती झीज कमी व्हावी म्हणून. साध्या चावीच्या घड्याळाला १७ पुरतात. वरची रत्नं ऑटोमॅटिकच्या जादा चाकांसाठी लागतात, आणि कधी कधी नुसता आकडा फुगवण्यासाठीही घातलेली असतात.

## टप्पा ३: केस

स्टील असेल तर ३१६एल हा शब्द शोधा. घामाला आणि खाऱ्या पाण्याला ते स्टील चांगलं टिकतं. मुलामा दिलेल्या पितळेचा त्रास वर्षभरात दिसायला लागतो. मनगटाच्या बाजूनं, पट्ट्याच्या टोकांशी घाम मुरतो, थर उडतो आणि आतला पिवळट धातू डोकावतो. कुणाकुणाला मग तिथे खाजही सुटते.

भिंग लावून पट्टा अडकवायच्या टोकांची आतली बाजू आणि पिना बसायची भोकं बघा. मुलामा तिथेच सगळ्यात पातळ असतो. वापरलेलं घड्याळ घेत असाल तर पितळ तिथे हमखास दिसतं.

सावधान: लोहचुंबक लावून बघायचा सल्ला ऐकू नका. ३१६एल चुंबकाला चिकटत नाही, पितळही नाही आणि जस्तही नाही, त्यामुळे कळत काहीच नाही. वर ऑटोमॅटिकच्या आतली, डोक्याच्या केसाइतकी बारीक स्प्रिंग चुंबकीय होऊन घड्याळ पळायला लागतं ते वेगळंच. वजनाचंही तसंच. पितळ स्टीलपेक्षा किंचित जडच असतं, तेव्हा "हाताला भारदस्त लागतं" हा पुरावा होत नाही.

## टप्पा ४: काच

तीन प्रकार. अ‍ॅक्रिलिक म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिक. लगेच ओरखडतं, पण सहसा फुटत नाही आणि ओरखडे घासून पॉलिश करता येतात. मिनरल ही कडक केलेली काच. सॅफायर सगळ्यात कठीण. कठीणपणा मोजायच्या 'मोह' मापावर ९. साध्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात आणि त्यांचा कठीणपणा ७ असतो, म्हणून मिनरल काचेवर काही महिन्यांत जाळं दिसतं आणि सॅफायर तशीच राहते. दगडी कठड्यावर कोपरा जोरात आपटला तर मात्र सॅफायर तडकू शकते.

रोजच्या घड्याळाला सॅफायर घ्या. जमत नसेल तर मिनरल, पण ती बदलून मिळते ना एवढं विचारून. "सॅफायर कोटेड" हे शब्द दिसले तर ती मिनरल काचच आहे, वर पातळ थर आहे, आणि थर जातो.

पाण्याचा थेंब टाकून सॅफायर ओळखायची युक्ती मीही काही काळ मोठ्या विश्वासानं करत होतो. काचेवर चकाकी कमी करणारा थर असला की थेंब काय वाटेल ते सांगतो. माहितीपत्रक वाचा.

## टप्पा ५: पाण्याचा आकडा

या एका आकड्यानं जितकी घड्याळं मारली असतील तितकी आपटूनही मेली नसतील.

३० मीटर म्हणजे तीस मीटर खोल जाता येतं असं नाही. नवं घड्याळ स्थिर दाबाखाली तपासलं तेव्हा टिकलं, इतकाच त्याचा अर्थ. वापरात तो असा धरा:

- ३० मीटर: पाऊस, हात धुताना उडणारं पाणी. बस्स.
- ५० मीटर: चुकून बुडालं तर बहुधा वाचेल. पोहायला मी घालणार नाही.
- १०० मीटर: पोहणं.
- डुबकी मारायची असेल तर आयएसओ ६४२५ या मानकाचं "डायव्हर्स" असं लिहिलेलंच घ्या. ते किमान १०० मीटरचं असतं.

पाणी अडवणारी आतली रबराची रिंग कायमची नसते. गरम पाणी, साबण आणि वर्षं यांनी ती कडक होते. माझ्या एका घड्याळाच्या काचेआत धुकं आलं तेव्हा मी अंघोळीलाच दोष दिला. उघडल्यावर रिंगचे अक्षरशः तुकडे बाहेर आले. घड्याळ ५० मीटरचं होतं आणि रिंग आठ वर्षांची. आकडा नव्या घड्याळाचा असतो, जुन्याला तो लागू नाही.

तपासा: पोहणार असाल तर चावी पेचाची आहे का ते बघा. ती फिरवून आत बसवायला विसरलात तर १०० मीटरचा काही उपयोग नाही. पाण्यात असताना चावी किंवा बटणं दाबायची नाहीत.

## टप्पा ६: हातात घेऊन, सावकाश

इथवर टिकलेल्या दोन-तीन घड्याळांना प्रत्येकी पाच मिनिटं द्या. काचेच्या कपाटातून नको, बाहेर काढून हातात घ्या.

१. चावी. ओढताना प्रत्येक टप्पा बोटाला स्पष्ट जाणवायला हवा. बाहेर ओढलेली चावी थोडी हलते, पण लडबडली तर आतलं काम सैल आहे.

२. काटे. बरोबर बारावर आणा. तासकाटा आणि मिनिटकाटा एकावर एक बसतात का? मिनिटकाटा बारावर असताना तासकाटा दोन तासांच्या अधेमधे लोंबकळत असेल तर जुळणी करणाऱ्यानं घाई केली आहे.

३. तारीख. लावण्याआधी काटे सहाच्या आसपास न्या. हे विसरूच नका. मांडलेली घड्याळं बहुधा दहा वाजून दहा मिनिटांवर ठेवलेली असतात आणि ते सकाळचे दहा की रात्रीचे हे तुम्हाला ठाऊक नसतं. रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान तारखेची चाकं आपसांत गुंतलेली असतात. तेव्हा जबरदस्तीनं तारीख फिरवली तर दाता तुटू शकतो. नव्या घड्याळाचं पहिलं नुकसान अनेकदा असंच होतं.

४. छोट्या तबकड्या. तीन छोट्या तबकड्या म्हणजे स्टॉपवॉच असं गृहीत धरू नका. बटण दाबा, चालू करा, थांबवा, शून्यावर आणा. मोठा सेकंदकाटा बरोबर बारावर परतायला हवा. कित्येक घड्याळांत या तबकड्या नुसत्या छापलेल्या असतात, बटणं शोभेची. अशा ठिकाणी बाकी काही तपासायची गरज उरत नाही. एका ठिकाणी खोटं बोलणारा इतर ठिकाणीही बोलतो.

५. तारखेची खिडकी कुठे आहे? मोठ्या तबकडीत ती कडेपासून लांब, मध्याकडे सरकलेली दिसली तर आत छोटं मशीन आहे आणि भोवती प्लॅस्टिकची जाड रिंग भरून जागा बुजवलेली आहे. छोट्या तबकड्या मध्याशी गर्दी करून बसल्या असतील तरीही तेच. हे एकदा दिसायला लागलं की मग सगळीकडे दिसतं, माफ करा.

६. भिंग. काट्यांच्या कडा साफ कापलेल्या आहेत की खरखरीत? आकडे किंवा रेघा सरळ चिकटवल्या आहेत का? काचेआत धूळ, केस, बोटाचा ठसा? अंधारात चमकणारे काटे असतील तर टॉर्च अर्धा मिनिट मारा आणि हाताच्या ओंजळीत बघा. सगळीकडे सारखा उजेड हवा.

७. ऑटोमॅटिक असेल तर चावीला वीस-तीस वेढे द्या आणि कानाशी धरा. टिकटिक अखंड, एकसारखी हवी. चालता चालता दचकल्यासारखी थांबली तर नको.

## टप्पा ७: पट्टा

थोडक्यात आटपू, कारण पट्टा बदलता येतो. पण तो बदलता यावा यासाठीच एक गोष्ट बघा: पट्टा ज्यांच्या मध्ये बसतो त्या शेजारच्या दोन टोकांमधलं अंतर १८, २० किंवा २२ मिमी आहे का आणि आत साधी स्प्रिंगची पिन आहे का. केसमध्येच घुसणारा खास आकाराचा पट्टा असेल तर तो तुटल्यावर कंपनीच्या दयेवर राहावं लागतं. स्टीलची साखळी हलवून बघा. पत्रा दुमडून केलेल्या कड्या खुळखुळतात आणि हाताचे केस ओढतात.

## टप्पा ८: पैसे देण्याआधी तीन प्रश्न

- सेल किंवा मशीन बदलायचं तर ते इथेच होतं की घड्याळ पाठवावं लागतं?
- काच आणि चावी सुटी मिळते का?
- हमी कशाला लागू नाही? सेल, पट्टा, काच आणि पाणी बहुतेक वेळा वगळलेलं असतं. कागद वाचून खात्री करा. पावतीवर घड्याळाचा मॉडेल नंबर आणि तारीख लिहून घ्या.

"बिघडलं तर बदलून देतो" हे उत्तर ऐकायला गोड लागतं. त्यात दुरुस्तीचं नाव नाही हे लक्षात घ्या.

## टप्पा ९: पहिला महिना आणि पहिला सेल

घरी आणल्यावर फोनच्या वेळेशी सेकंदासह जुळवा आणि आठ दिवस रोज एकाच वेळी फरक लिहा. ऑटोमॅटिक रोज १२ सेकंद पुढे जात असेल तर काळजी नको. चूक एकसारखी आहे, घड्याळजी ती ठीक करून देतो. एक दिवस ५ पुढे आणि दुसऱ्या दिवशी १५ मागे असं झालं तर हमी आहे तोवर परत न्या. नीट चालणारं घड्याळ अचानक दिवसाला कित्येक मिनिटं पळायला लागलं तर बहुतेक वेळा ते चुंबकीय झालेलं असतं. रात्री स्पीकरवर किंवा टॅब्लेटच्या चुंबकी कव्हरवर ठेवलं होतं का, आठवा. घड्याळजीकडच्या यंत्रावर हे काही सेकंदांत निघतं, त्यासाठी सर्व्हिसिंग लागत नाही.

क्वार्ट्झचा सेकंदकाटा दोन-दोन किंवा चार-चार सेकंदांच्या उड्या मारायला लागला तर घाबरू नका. बऱ्याच मशीनमध्ये सेल संपत आल्याची ती खूण असते. तेव्हाच बदला. संपलेला सेल महिनोन्‌महिने आत ठेवला तर पाझरतो आणि मशीन खातो. माझं एक चांगलं घड्याळ असंच गेलं. सेल बदलणाऱ्यानं एसआर ऐवजी एलआर अक्षरांचा सेल टाकला होता. एसआर म्हणजे सिल्व्हर ऑक्साइड, एलआर म्हणजे अल्कलाइन. मापाला दोन्ही सारखे बसतात. अल्कलाइन लवकर दमतो आणि पाझरायची शक्यताही त्याचीच जास्त. मी खोलात शिरलो नाही, आणि वर्षभरानं आत हिरवी पूड निघाली.

म्हणून सेल बदलताना समोर उभे राहा. पाकिटावरची अक्षरं वाचा, रबराची रिंग बदलायला सांगा, पोहत असाल तर दाबाची तपासणीही करून घ्या. आणि झाकण लावण्याआधी त्याच्या आतल्या बाजूला त्या दिवसाची तारीख बारीक अक्षरांत लिहून मागा. पुढे घड्याळ उघडणाऱ्याला सेल आणि रिंग किती जुनी आहे ते विचारावं लागणार नाही.